तिसरा भाग कुठे आहे?

सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलापाशी आठवी-नववीतली मुले एक प्रश्न हमखास विचारतात : "याचा तिसरा भाग आहे का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे येते. कधी "बघतो" असे येते आणि त्याचाही अर्थ नाही असाच असतो. पहिला भाग कुणीतरी देणगीत दिलेला असतो, दुसरा प्रदर्शनात सवलतीत मिळाला म्हणून घेतलेला असतो, तिसऱ्याचा पत्ता नसतो आणि चौथा मात्र कपाटात कोरा करकरीत उभा असतो. चारपाचशे पानांचा एकेक भाग, राजवाड्यातली कारस्थाने, हरवलेला वारस, जादू येणारी दासी, विषाचा पेला. अशी नऊशे पाने वाचून काढलेले मूल ऐन वळणावर अडकते आणि पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाकडे फिरकत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांनी कुमारवयीन वाचकांसाठी दरबारी कारस्थाने आणि जादू यांच्या या मालिका घ्याव्यात, घ्यायच्या तर पूर्ण घ्याव्यात आणि त्या नीट फिरतील अशी व्यवस्था करावी. मालिका पूर्ण घेणे जमणार नसेल, तर पहिला भागही घेऊ नये.

बारा ते अठरा हे वय आपल्या ग्रंथालयांत बेघर आहे. बालविभागातली मोठ्या टायपातली पुस्तके संपलेली असतात आणि मोठ्यांच्या कपाटातल्या कौटुंबिक कादंबऱ्यांत मन रमत नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते, पण मासिकाने दीर्घ कादंबरीची भूक भागत नाही. पुढे हीच मुले ग्रंथालयात पुन्हा दिसतात ती थेट अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तके घेऊन. मधल्या पाचसहा वर्षांत एका बैठकीत पन्नास पाने वाचण्याची सवय मोडलेली असते. ती सवय टिकवण्याचे सामर्थ्य मालिकेत जितके आहे तितके दुसऱ्या कुठल्या पुस्तकात क्वचितच असेल. हिंदीत १८८८ मध्ये 'चंद्रकांता' आली. राजघराणी, वेषांतर करणारे ऐयार (हेर) आणि तिलिस्म (जादूने भारलेल्या रहस्यमय वास्तू) यांची ती कथा पुढे 'चंद्रकांता संतति'च्या चोवीस भागांपर्यंत वाढली. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात सांगितले जाते. पुढच्या भागाची ओढ माणसाला भाषा शिकायला लावते. आपल्याला तर फक्त मुलांना टेबलापर्यंत आणायचे आहे.

"पण हे हलके वाचन आहे," असे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतेच. दरबारी कारस्थानांची चांगली मालिका अजिबात हलकी नसते. ती वाचताना मुलाला चार गोष्टींचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो : गादी कोणत्या नियमाने मिळते, फौज कुणाच्या शब्दावर चालते, पैसा कुठून येतो आणि बातमी आधी कुणाला कळते. यातली एक गोष्ट बदलली की राजवाड्यातले सगळे संबंध बदलतात. लेखक कच्चा असेल तर पात्रे केवळ दुष्ट म्हणून कट करतात. लेखक पक्का असेल तर प्रत्येकाला त्याच्या जागेवरून तो कट करणे भागच असते. हा फरक ओळखता येणे म्हणजे राजकारण वाचता येणे.

साताऱ्याच्या मुलाला याची परीक्षा घ्यायला लांब जायला नको. अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो. १६८९ पासून मोगलांच्या छावणीत असलेले शाहू १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आले. इकडे ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य सांभाळत होत्या. त्यांनी आलेला माणूस तोतया असल्याचे सांगितले. म्हणजे पहिल्या प्रश्नावर, गादीच्या नियमावर, डाव टाकला. त्याच वर्षी खेडच्या लढाईच्या वेळी सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि दुसरा प्रश्न निकालात निघाला. साताऱ्याचा किल्ला ताराबाईंच्या बाजूने परशुराम त्रिंबक प्रतिनिधी लढवत होते. किल्ल्यावरच्या शेख मिराची बायकामुले वाईला शाहूंच्या हाती लागली, तेव्हा त्याने प्रतिनिधींनाच कैद करून किल्ला हवाली केला, असे इतिहासकार सांगतात. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला. इथे कादंबरीकार पहिला भाग संपवील.

पुढचे भाग आणखी गुंतागुंतीचे आहेत. सातारा गेल्यावर ताराबाईंनी कोल्हापुरात वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये तिथे सवत राजसबाईने त्यांना कैदेत टाकून आपल्या मुलाला गादीवर बसवले. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये वेगळी ठरली. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले आणि ताराबाईंनी आजवर लपवून ठेवलेला नातू म्हणून रामराजांना पुढे केले. वर्षभरात, नोव्हेंबर १७५० मध्ये, त्याच रामराजांना त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा आपला नातू नव्हेच. पंचेचाळीस वर्षांत तोतयेपणाचा आरोप दोनदा, तोही एकाच बाईकडून, आणि दुसऱ्यांदा स्वतःच आणलेल्या वारसावर. एखाद्या कल्पित मालिकेत हे आले तर वाचक म्हणेल, लेखकाने फारच ताणले. आपल्याकडे हा इतिहास सनावळी म्हणून पाठ करून घेतला जातो. ज्या मुलाने कल्पित राज्यातला 'हा खरा वारस कशावरून?' हा प्रश्न तीन भाग उराशी बाळगला आहे, त्याला ताराबाई आणि शाहू यांचा पेच सांगून बघा. सनावळीतली माणसे त्याला पहिल्यांदा माणसे म्हणून दिसतात.

आता जादू. दरबार मान्य असलेले लोकही इथे थांबतात, आणि साताऱ्यात हा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ पासून त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम इथून उभे केले, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्यांच्या गावात मुलांच्या हाती जादूची पुस्तके द्यायची का?

द्यावीत, आणि निःशंकपणे द्यावीत. हा कायदा माणसांना फसवणाऱ्या, छळणाऱ्या कृत्यांविरुद्ध आहे. गोष्टींशी त्याचे भांडण नाही. भोंदूबाबाची जादू आपला नियम लपवते : कशाने होते, कशाने होत नाही, फसली तर जबाबदार कोण, यातले काहीच तो सांगत नाही. चांगल्या अद्भुत कादंबरीतली जादू नेमकी उलटी असते. तिचा उगम सांगितलेला असतो, मर्यादा सांगितलेली असते आणि किंमत वसूल केली जाते. आपल्या वेताळाचेच बघा. विक्रम बोलला की वेताळ परत झाडावर. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकले. दोन वाक्यांचा नियम, आणि त्यावर पंचवीस गोष्टी उभ्या राहतात. शिवाय त्या सगळ्याच्या मुळाशी दरबारी कारस्थान आहे, कारण प्रेत आणायला सांगणारा योगी राजाचाच बळी द्यायला टपलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हे दोन्ही धागे शेजारी आहेत. राजपुत्र खेकड्यांसारखे जन्मदात्यालाच खातात, असा इशारा पहिल्या अधिकरणात आहे, आणि चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याचे, अंधारात दिसण्याचे प्रयोग दिले आहेत. हे प्रयोग शेकडो वर्षे कुणी खरे मानले असतील. आज नववीतली मुलगी ते वाचून विचारते, "याची किंमत कोण भरतो?" तो प्रश्न तिला कादंबरीने शिकवला असेल, तर कादंबरीने दाभोलकरांचेच काम थोडे पुढे नेले आहे.

या साहित्यप्रकारात खरी खोट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. असंख्य मालिकांत जादू रक्तातून येते. नायिका शेतात राबणारी असते आणि तिसऱ्या भागात ती मूळची राजकन्याच निघते, म्हणूनच तिला ती शक्ती असते. जन्मावरून लायकी ठरवण्याची रीत ज्या समाजात अजून मेलेली नाही, तिथे ही कल्पना निरुपद्रवी नाही. म्हणून अशा पुस्तकावर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. पण निवड करताना जिथे जादू शिकून येते, चुकून येते किंवा कष्टाने साधते, अशा मालिकेला मी वरचे स्थान देईन. आणि रक्ताची मालिका वाचणाऱ्या मुलाला एवढे जरूर विचारावे : ही मुलगी राजाची निघाली नसती तर गोष्टीने तिचे काय केले असते?

निवडीचे आणखी एक पथ्य. 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे ढोबळमानाने बारा ते अठरा हा वयोगट, पण दुकानात त्याच धाटणीच्या मुखपृष्ठांची मोठ्यांसाठीची पुस्तकेही शेजारीच असतात आणि त्यांत उघड शृंगार असतो. पहिला भाग चाळून ते कळत नाही, कारण पहिला भाग बहुधा सौम्य असतो. शृंगार आणि क्रौर्य दोन्ही पुढे वाढत जातात. म्हणून ग्रंथपालांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची मधली पन्नास-साठ पाने वाचावीत. दोन तासांचे काम आहे. त्यावरून तेरा वर्षांच्या मुलाला द्यायचे की सोळा वर्षांच्या, हे ठरवता येते आणि पालक भांडायला आले तर पुस्तक वाचलेल्या माणसासारखे उत्तर देता येते. याच पानांत मालिकेचा दर्जाही कळतो. मधल्या भागांत दम सुटणे हा या प्रकारातला नेहमीचा रोग आहे. आधी सांगितलेला जादूचा नियम लेखक अडचणीच्या वेळी मोडतो का, एवढे तपासले तरी पुरे. नियम मोडला की कारस्थानाला अर्थच उरत नाही, कारण कुठलाही पेच मंत्राने सुटणार असेल तर बुद्धी चालवायची कशाला?

खरेदीचा हिशेब असा. इंग्रजी पेपरबॅक साधारण ४०० ते ६०० रुपयांना पडते, म्हणजे चार भागांची मालिका दोन हजारांच्या आसपास. पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात, बाकीच्यांची एकेक पुरते, कारण सुरुवात करणारे नेहमीच जास्त असतात आणि पुढे गळती होते. ज्या मालिकेचा शेवट अजून प्रसिद्ध झालेला नाही ती छोट्या ग्रंथालयाने घेऊ नये. मार्चअखेरीच्या घाईत विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यातून तर मालिका कधीच निवडू नये. त्या गठ्ठ्यात जे सुटे भाग खपले नाहीत तेच असतात. मराठी अनुवाद असेल तर तो आधी घ्यावा, मात्र सगळे भाग अनुवादित झाले आहेत का हे विचारूनच. दोन भाग मराठीत आणि पुढचे इंग्रजीत, अशी पाळी मुलावर आली तर ती जोडणी बहुतेकांना झेपत नाही. नावांची रूपे बदलतात, पदव्या बदलतात, 'सरदार' कोण आणि 'अमात्य' कोण हेच कळेनासे होते.

पुस्तके आली की खरा घोळ मांडणीत होतो. दाखल क्रमांकानुसार, म्हणजे ग्रंथालयात आली त्या क्रमाने, लावली तर वेगवेगळ्या वर्षी घेतलेले भाग वेगवेगळ्या कपाटांत जातात. वर्गीकरणाच्या पद्धतीने लेखक आणि मग नावाच्या अक्षरानुसार लावली तर चौथा भाग पहिल्याच्या आधी येतो. उपाय अगदी सोपा आहे : पुस्तकाच्या पाठीवर ठळक आकड्यात १, २, ३ लिहावे आणि सगळे भाग एकत्र ठेवावेत. पहिल्या भागाच्या आतल्या पानावर सर्व भागांची क्रमवार यादी चिकटवावी. लेखकाने नंतर लिहिलेली 'आधीची कथा' असेल तर ती शेवटी वाचायची, हेही त्यात लिहावे. कालक्रमाने ती पहिली असली तरी तिच्यात मूळ मालिकेतली रहस्ये फोडलेली असतात.

बांधणीत याहून मोठे नुकसान होते. जाड पेपरबॅक केवळ डिंकावर उभे असते. काही महिने हातोहात फिरले की पाठ फुटते आणि पावसाळ्यात आणखी लवकर फुटते. मग ते बाइंडरकडे जाते. बाइंडर कडेने शिवण मारतो, त्यामुळे आतला समास खाल्ला जातो आणि ओळींची टोके शिवणीत बुडतात. तो मुखपृष्ठ काढून तपकिरी पुठ्ठा लावतो. आणि सुरुवातीचे व शेवटचे कोरे वाटणारे कागद टाकून देतो. या मालिकांत राज्याचा नकाशा आणि राजघराण्याची वंशावळ नेमकी त्याच कागदांवर छापलेली असते. ती गेली की वाचक सहाव्या प्रकरणात हरवतो. तेव्हा पुस्तक आल्या दिवशीच नकाशा आणि वंशावळ यांची झेरॉक्स काढून ठेवावी, पाठीला कापडी पट्टी व वर प्लास्टिकचे वेष्टण घालावे, आणि बांधणीला द्यायची वेळ आलीच तर मूळ मुखपृष्ठ नव्या पुठ्ठ्यावर डकवून घ्यावे. ग्रंथालयाचा शिक्का नकाशावर मारू नये. तपकिरी पुठ्ठ्याचे पुस्तक चौदा वर्षांचे मूल उचलत नाही, यात त्याची चूक नाही.

सांगलीकरांसाठी एक जास्तीची सूचना. मुलांचे हात पोहोचावेत म्हणून कुमारांची पुस्तके खालच्या फळ्यांवर ठेवतात, आणि तळमजल्यावर. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा पुरात सर्वांत आधी भिजतात ती हीच पुस्तके. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की हा संच वर हलवायचा, हे आधीच ठरलेले असावे. आणि मालिकांची यादी दुसऱ्या कुठे तरी असावी, म्हणजे भिजलेला एकच भाग नेमका मागवता येईल.

देवघेवीचे नियमही थोडे वाकवावे लागतील. रोज तीस पाने वाचणाऱ्या शाळकरी मुलाला ४५० पानांना पंधरा दिवस लागतात. सात दिवसांची मुदत त्याला दंड भरायला लावते आणि दंडाला घाबरून तो पुस्तक अर्धवट परत करतो. मालिकेला तीन आठवड्यांची मुदत असावी, पण त्यापुढे वाढ मिळू नये. कारण एकेका प्रतीची मालिका रहाटाच्या गाडग्यांसारखी चालते : पहिला वाचक दुसऱ्या भागावर गेला की दुसरा वाचक पहिला भाग उचलतो. मध्ये एकाने दोन महिने पुस्तक अडवले की मागचे सगळे थांबतात. सुरुवात करून द्यायची उत्तम वेळ म्हणजे मे महिना. सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, म्हणून तेव्हा तीन भागांची मालिका द्यावी. त्या दिवसांत वेगाने वाचणाऱ्यांना एक भाग दोन आठवड्यांत सहज होतो. पाच भागांची मालिका मेमध्ये सुरू केली तर चौथा भाग जूनच्या शाळेत अडकतो. भिलारचे पुस्तकांचे गाव २०१७ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याचा अभिमान वाटतो, पण ते बसून वाचायचे गाव आहे. मालिका घरी न्यावी लागते, उशाशी ठेवावी लागते.

हे सगळे केले तरी एक गोष्ट खटकतच राहते : कपाटातली बहुतेक राज्ये परकी असतील. बर्फाळ डोंगर, उत्तरेकडची सरदार घराणी. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात मात्र अद्भुताचीच चलती होती. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा', पुढे नाथमाधवांचा 'वीरधवल'. हरिभाऊ आपट्यांच्या पिढीनंतर वास्तवाला मान मिळाला, तो योग्यच होता, पण अद्भुताला आपण मुलांची करमणूक म्हणून दूर सारले आणि मग मुलांसाठीही लिहिले नाही. सांगलीने हे विसरावे याचे जास्त वाईट वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली संस्थानात चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभे केले. राजाश्रय, राजसभा, धनुष्यभंग, आणि 'अलललडुर्र' अशी आरोळी ठोकत येणारे राक्षस. मराठी रंगभूमी दरबारात आणि अद्भुतात जन्मली, तीही इथे.

या दोन जिल्ह्यांत लिहिणाऱ्याला सामग्रीची वाण नाही. १८३९ मध्ये गादीवरून काढलेले प्रतापसिंह महाराज, त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षे तिथेच राहिलेले रंगो बापूजी, १८४८ मध्ये दत्तक नामंजूर होऊन बुडालेले राज्य. आणि त्याहून नवे असे १९४३ नंतरचे प्रतिसरकार : क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव न्यायनिवाडा करणारे, सिंहासन नसलेले सरकार. गुप्त निरोप, भूमिगत माणसे, रात्रीचे मुक्काम, फितुरीची भीती, सगळे कारस्थानाचे साहित्य इथे आहे, आणि वारस कोण हा प्रश्नच नाही. रक्तातून येणाऱ्या जादूला कंटाळलेल्या कुणी तरुण लेखिकेने कृष्णा-वारणेच्या काठावर असे एक कल्पित राज्य रचावे, जिथे जादू उसाच्या फडात राबणाऱ्यांना येते आणि राजवाड्याला ती विकत घेता येत नाही. तिने ते तीन भागांत लिहावे. प्रकाशकाने तिन्ही भागांची हस्तलिखिते हातात आल्यावरच पहिला भाग छापावा. आणि नकाशा आतल्या नेहमीच्या पानांवर छापावा, बाइंडर फेकून देईल त्या कागदावर नको.